कर्ण्यात न मावलेला खर्ज

आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आमच्या काही स्नेह्यांनी विचारले, की 'डबल बास' नावाचे हे वाद्य ठाणे-कल्याणच्या श्रोत्यांपुढे आणण्याचे प्रयोजन काय? ते ना आपल्या देवळातले, ना तमाशातले, ना संगीत नाटकातले. पुरुषभर उंचीचे, व्हायोलिनचे थोराड भावंड शोभेल असे ते लाकडी धूड आपल्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिले असेल. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच, की १९५० ते १९८० या काळातली हिंदी चित्रपटगीते ज्यांनी रेडिओवर ऐकली त्यांनी हे वाद्य पुष्कळ वेळा ऐकलेले आहे. आपण ते ऐकले, एवढेच त्यांना ठाऊक नाही. आणि ते ऐकू आले ते जितके वादकाच्या बोटांमुळे, तितकेच त्याच्यासमोर माईक कोणी व कोठे ठेवला त्यामुळे. त्या माईक ठेवण्याचा इतिहास सांगावा, हा आमचा बेत आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ निस्तरू. मराठीत आपण मायक्रोफोनलाही ध्वनिक्षेपक म्हणतो आणि मांडवाच्या खांबाला टांगलेल्या कर्ण्यालाही ध्वनिक्षेपकच म्हणतो. वस्तुतः एकाचे काम घेण्याचे, दुसऱ्याचे फेकण्याचे. हा घोळ निव्वळ भाषेतला असता तर आम्ही त्याचा उल्लेख केला नसता. पण सभा-समारंभात आवाज बिघडला की जो तो कर्ण्याकडे पाहतो, माईककडे कोणी पाहत नाही, हा आमचा जुना अनुभव आहे. म्हणून येथे आम्ही घेणाऱ्याला माईक आणि फेकणाऱ्याला कर्णा असेच म्हणू.

आता वाद्याकडे वळू. डबल बासला चार तारा असतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर तिची कंपने सेकंदाला सुमारे ४१ होतात. पुढच्या तारांची अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८. तुलनेसाठी आपला तंबोरा घ्या. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा असतो. म्हणजे ज्याला आपण खर्ज म्हणून कान टवकारून ऐकतो, त्याच्याही खाली या वाद्याचा मुक्काम. ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट आपल्याकडच्या उष्ण हवेत सुमारे २८ फूट लांबीची भरते. वाद्याचे धड मात्र साडेतीन-पावणेचार फुटांचे. एवढ्या लहान अंगातून एवढी मोठी लाट पुऱ्या जोराने बाहेर पडत नाही. मूळ स्वर अशक्त निघतो आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर सशक्त निघतात. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना उपस्वर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

या वाद्याला पोर्तुगीज भाषेत 'रबेकाँव' म्हणतात. व्हायोलिनच्या जातीचे लहान वाद्य ते 'रबेका' आणि मोठे ते रबेकाँव. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि तंतुवाद्ये शिकवण्याची जुनी चाल होती. तीच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला उपयोगी पडली. ठाणे शहरही १७३७ साली मराठ्यांनी घेईपर्यंत पोर्तुगिजांच्याच अमलाखाली होते, पण ते आपल्या विषयाशी फार लांबून नाते सांगणारे आहे, असो.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी माईक नव्हता, कर्णा होता. १९०२ साली फ्रेड गायझबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान आदींची गाणी त्याने मेणाच्या तबकड्यांवर उतरवली, त्या वेळची पद्धत अशी : गाणाराने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे, त्या आवाजाच्या धक्क्याने एक पातळ पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणात रेघ ओढायची. मध्ये वीज नाही, दिवा नाही, काही नाही. सारे काम हवेच्या जोरावर. अशा कर्ण्यात साधारण अडीचशे ते अडीच हजार कंपनांच्या दरम्यानचे स्वर बऱ्यापैकी शिरत. खालचे व वरचे दाराबाहेरच राहत. डबल बासचे सगळे मोकळे स्वर शंभराच्या खाली, तेव्हा त्याला प्रवेश कसा मिळावा? पाश्चात्त्य ध्वनिमुद्रकांनी सरळ वाद्यच बदलले. बासच्या जागी ट्यूबा नावाचे फुंकायचे पितळी वाद्य बसवले, कारण त्याचा आवाज कर्ण्यात रेटून घालता येई. व्हायोलिनलासुद्धा लाकडी धडाऐवजी पत्र्याचा कर्णा जोडलेला नमुना निघाला होता. तबकडीवर जे उतरत नाही ते वाद्यवृंदातूनच काढून टाकायचे, असा हा न्याय. आपल्याकडे डग्ग्याची तीच गत झाली. त्या काळच्या तबकड्या आज ऐकल्या तर तबल्याची चाट कानाला जाणवते, पण डग्ग्याचा घुमारा मात्र शोधावा लागतो. ओली कणीक लावून ज्याचा घुमारा साधतात त्या पखवाजाच्या डाव्या पुडीचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्याच सुमारास नाटकगृहांत मात्र खर्ज भरपूर होता. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष आणि भरीला ऑर्गन. प्रेक्षकाच्या आणि त्या ऑर्गनच्या मध्ये कोणतेही यंत्र नव्हते. त्यामुळे ज्यांनी नाटक थिएटरात पाहिले आणि ज्यांनी त्याच पदांच्या तबकड्या घरी वाजवल्या, त्या दोघांनी जवळजवळ दोन निराळी संगीते ऐकली, असेच म्हणावे लागते.

हे दार उघडले १९२५ साली. अमेरिकेत एडवर्ड वेंट याने १९१६च्या सुमारास कंडेन्सर जातीचा माईक सिद्ध केला होता. त्याला विजेचे वर्धक आणि विजेवर चालणारी कोरणी यांची जोड मिळून विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले. आता रेघ ओढण्याचे श्रम हवेला नव्हते. ट्यूबा बाजूला झाला आणि बास आपल्या जागी परत आला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' पडद्यावर बोलू लागला आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. चित्रकार, छायालेखक आणि यंत्रांत रमणारा हा गृहस्थ ध्वनीकडे वळला, हे मराठी चित्रपटाचे भाग्य. त्या वेळी नट कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गात, साथीदार चौकटीबाहेर लपून वाजवत आणि सगळ्यांना मिळून माईक एखादाच. कोणी किती अंतरावर बसायचे, हीच सारी कला. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव' चित्रपटात गाणे आधी मुद्रित करून मग चित्रण करण्याची पद्धत आणली, तेव्हा कुठे वादकांना मोकळा श्वास घेता आला.

प्रभातचा हा धागा आपल्या ठाण्यापर्यंत येतो, म्हणून दोन शब्द अधिक. १९३८च्या 'गोपाळकृष्ण' चित्रपटात कृष्णाची भूमिका करणारा मुलगा म्हणजे पुढचे पं. राम मराठे. त्या चित्रपटाचे संगीत मास्तर कृष्णरावांचे, आणि मास्तर हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, ज्यांच्या स्मरणार्थ कल्याण गायन समाज देवगंधर्व महोत्सव भरवतो. रामभाऊ ठाण्यास राहिले आणि ठाण्यात त्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो. एकाच माईकपुढे अंतराच्या हिशेबाने उभे राहण्याचे शिक्षण त्या पिढीला लहानपणीच मिळाले होते. माईकला गिळू पाहणाऱ्या आजच्या गायकांनी त्या पिढीची छायाचित्रे एकदा लक्षपूर्वक पाहावीत.

मुंबईत डबल बास दोन वाटांनी स्थिरावला. १९३५ साली मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याच साली लिऑन ॲबीचा जाझवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. सिंफनीत हे वाद्य गजाने वाजते, जाझमध्ये बोटाने छेडून. दोन्हीकडे गोव्याचे वादक होते आणि तेच दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे चितळकर, यांच्या १९५१च्या 'अलबेला'त शिक चॉकलेट यांचा वृंद पडद्यावरसुद्धा दिसतो. शिक चॉकलेट हे मूळचे गोव्यातील हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ. त्यांचा ट्रम्पेट सर्वांच्या लक्षात राहिला. ज्याच्यावर तो ट्रम्पेट उभा होता तो बास कोण वाजवत होते, हे फारसे कोणी विचारले नाही.

येथून आपण मूळ विषयाच्या गाभ्याशी येतो. १९५०-६०च्या काळात गाणे तुकड्यातुकड्यांनी मुद्रित होत नसे. गायक, व्हायोलिनांचा ताफा, तालवाद्ये सगळे एकाच वेळी वाजवायचे, आणि एकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. माईक मोजके. मिनू कात्रक, मंगेश देसाई यांच्यासारख्या ध्वनिमुद्रकांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत येत, पण बाजारात विकल्या जाणाऱ्या तबकडीवर गायक, संगीतकार, कवी एवढीच नावे. अशा गर्दीत बासवाल्यापुढे माईक ठेवायचा म्हणजे काय काय पाहावे लागे?

पहिला प्रश्न, माईक कोणत्या जातीचा. १९३०च्या दशकाच्या आरंभी आर. सी. ए. कंपनीचा रिबन माईक आला. त्यात धातूची एक तलम पट्टी चुंबकाच्या पोटात लोंबत असते. हा माईक समोरून आणि पाठीमागून ऐकतो. दोन्ही बाजूंनी तो जवळजवळ बहिरा. मौज अशी, की या बहिरेपणाचाच उपयोग मोठा. ढोल शेजारी वाजत असेल तर माईकची बहिरी बाजू ढोलाकडे करायची, की ढोल पुष्कळसा वगळला गेला. १९४९ साली जर्मनीत नॉयमानचा यू ४७ हा कंडेन्सर माईक निघाला. तो अधिक बारीक ऐकणारा. बोट तारेवरून सुटतानाचा 'टक्' असा आवाजही तो टिपतो. १९५३ साली व्हिएन्नाच्या ए. के. जी. कंपनीने खालच्या स्वरांसाठी डी १२ नावाचा दणकट डायनॅमिक माईक काढला. तिघांचे स्वभाव तीन. गजाने वाजणाऱ्या बासला रिबन सोयरा, छेडलेल्या बासला कंडेन्सर. आणि रंगमंचावर, जेथे आदळआपट व्हायचीच, तेथे डायनॅमिक. हे आमचे मत आहे, शास्त्राज्ञा नव्हे.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि तो अधिक अवघड. नवशिका मनुष्य माईक नेमका वाद्याच्या फटीपुढे नेऊन ठेवतो. बासच्या तबलीवर इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाच्या दोन फटी असतात. आवाज तेथूनच बाहेर येत असणार, असा त्याचा तर्क. तर्क अगदीच चुकीचा नाही. पण वाद्याच्या पोटातली हवा साठ-सत्तर कंपनांच्या आसपास स्वतःच घुमू लागते, आणि तो घुमारा फटीपाशी सर्वांत जास्त. परिणाम असा, की त्या आसपासचे दोन-तीन स्वर हंड्यात दगड पडावा तसे गडगडतात आणि बाकीचे मागे राहतात. जाणता ध्वनिमुद्रक माईक घोडीच्या समोर, घोडीपेक्षा थोडा वर, जिथे बोट तारेला छेडते त्या दिशेने तोंड करून, वीतभर ते फूटभर अंतरावर ठेवतो. तेथे लाकडाचा आवाज मिळतो, बोटाचा मिळतो आणि घुमाराही प्रमाणात राहतो. गजाने वाजवायचे असेल तर याच माईकला तीन ते सहा फूट मागे न्यायचे, कारण जवळून गजाची खरखर कानाला बोचते आणि गजाचा स्वर फुलायला मोकळी जागा लागते.

अंतराचा आणखी एक खेळ आहे. जे माईक एका दिशेनेच ऐकतात त्यांना फूटभराच्या आत आणले, की ते खालचे स्वर आपणहून फुगवून सांगतात. निवेदकाचा आवाज रेडिओवर भारदस्त लागतो त्यात या गुणाचा वाटा मोठा. बासच्या बाबतीत हा गुण दुधारी. आधीच खालचे वाद्य, त्यात ही फुगवण, म्हणजे गाण्यावर चिखलाचा लेप. चारी दिशांनी सारखे ऐकणाऱ्या माईकमध्ये ही फुगवण नसते, पण मग शेजारचे व्हायोलिनवालेही तो बिनतक्रार ऐकतो. म्हणजे एक दोष टाळावा तर दुसरा गळ्यात. आणि निवड शेवटी त्या खोलीवर, त्या गाण्यावर व त्या माणसांवर सोपवावी लागते.

आता एक शंका सुज्ञ श्रोते घेतील. १९६०-७०च्या दशकांत डोंबिवलीच्या चाळीतल्या खोलीत ट्रान्झिस्टर वाजत असे. त्याचा कर्णा तळहाताएवढा. त्यातून ४१ कंपनांचा स्वर निघणे केवळ अशक्य. मग बास ऐकू आला तो कसा? याचे उत्तर यंत्रात नाही, आपल्या कानामेंदूत आहे. ८२, १२३, १६४ असे उपस्वर शिस्तीने कानावर आले, की मेंदू त्यांच्या तळाशी असलेला ४१चा स्वर आपणच भरून काढतो. तो स्वर हवेत नसतो, तरीही आपण तो ऐकतो. म्हणूनच घोडीसमोर, बोटाच्या रोखाने ठेवलेला माईक हुशारीचा ठरला. त्याने उपस्वर आणि बोटाची टिचकी ठळक पकडली, आणि तेवढ्या शिदोरीवर चाळीतल्या श्रोत्याला पुरा खर्ज मिळाला. फटीपुढे माईक ठेवून घेतलेला बास त्या छोट्या कर्ण्यात नुसता विरून गेला असता. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम यांचे शब्द आणि वसंत प्रभूंच्या चाली घराघरांत गेल्या त्याही असल्याच छोट्या कर्ण्यांतून. तेथेही तळचा स्वर श्रोत्यांच्या मेंदूनेच पुरवला.

या कलेला उतरती कळा लागली ती माईकच्या नव्हे, वाद्याच्या बाजूने. १९५१ साली अमेरिकेत फेंडर कंपनीने विजेची बास गिटार काढली. तिला माईक लागतच नाही. तार थेट यंत्रात. १९८०च्या दशकापासून तर कळफलकावर एक कळ दाबली की खर्ज हजर. वादक गेला तसा त्याच्यासमोर वाकून अंतर मोजणाराही गेला. जे थोडे लाकडी बास उरले त्यांच्या घोडीत दाब ओळखणारा चिमुकला पिक-अप बसवतात. सोय खरी, पण त्याचा आवाज रबरासारखा, लाकूड त्यात नाही. जाणकार पिक-अप आणि माईक दोन्ही घेतात. तेव्हा माईकपर्यंत आवाज पोहोचायला लागणारा वेळ ध्यानात घ्यावा लागतो. एक मीटरला सुमारे तीन हजारांश सेकंद. एवढ्याशा उशिराने दोन आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि भरलेला स्वर पोकळ होतो. अशा वेळी मिक्सरवरचे एक बटण दाबून एकाची दिशा उलटी करून पाहावी आणि जे भरीव लागेल ते ठेवावे. २००६ साली मुंबईच्या एन. सी. पी. ए. मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, त्यामुळे लाकडी बासचा खरा आवाज आज लोकलने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, एवढे समाधान.

आपल्या नाट्यगृहांचे काय? ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली उघडले. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर आहे. जुन्या गाण्यांच्या वाद्यवृंदांचे कार्यक्रम तिन्हीकडे रंगतात. असाच एक कार्यक्रम आम्ही एका सभागृहात ऐकला. त्यात खास आणवलेला डबल बास होता. पहिल्या गाण्यातच हूं ऽऽ असा आवाज सभागृहभर घुमू लागला आणि यंत्रावरच्या तरुणाने माईकच बंद करून टाकला. वादक बिचारा दोन तास मुक्याने वाजवत राहिला. यात त्या तरुणाचा दोष थोडा. एवढे मोठे पोकळ लाकूड कर्ण्यासमोर उभे केले, की ते स्वतःच कानासारखे थरथरते; कर्ण्याचा आवाज लाकडात, लाकडाचा माईकमध्ये, माईकचा पुन्हा कर्ण्यात, असे चक्र सुरू होते. उपाय साधे आहेत. वादकाला कर्ण्यांच्या मागे बसवावे, त्याच्या पायाशी दुसरा कर्णा ठेवू नये, माईक फोममध्ये गुंडाळून घोडीच्या खाली तारांच्या मागे खोचावा आणि ज्या एका स्वरावर घुमते तेवढाच स्वर यंत्रावर कमी करावा. पण यासाठी कार्यक्रमाआधी अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास आपल्याकडे सत्कारात जातो.

याच्या उलट टोकाचा खर्ज मात्र आपल्या रस्त्यांवर मुबलक आहे. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून निघणारा तो आवाज छातीवर आदळतो, खिडक्यांची तावदाने हलवतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली या नियमांच्या अंमलबजावणीबाबत सविस्तर निकाल दिला. पण एक तांत्रिक गोष्ट फारशी बोलली जात नाही. हे मोजमाप ज्या पद्धतीने करतात ती मानवी कानाच्या सवयीवर बेतलेली आहे आणि खालच्या स्वरांना ती फार कमी गुण देते : ६३ कंपनांच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात, ४०च्या आवाजातून सुमारे ३५. म्हणजे भिंतीपलीकडच्या आजाऱ्याची झोप उडवणारा आवाज मापकावर पुष्कळसा दिसतच नाही. शंभर वर्षांपूर्वी कर्ण्यात न शिरणारा स्वर आज मापकात शिरत नाही. नियम करणाऱ्यांनी खालच्या स्वरांची स्वतंत्र मोजणी मागवावी, असे आम्हांस वाटते.

राहता राहिला घरगुती ध्वनिमुद्रणाचा प्रकार, जो हल्ली आपल्या तिन्ही शहरांत तरुण मंडळी हौसेने करतात. त्यांच्यासाठी एक हिशेब. दहा फूट रुंदीची खोली सुमारे ५७ कंपनांवर घुमते, बारा फुटांची सुमारे ४७-४८ वर. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत डबल बासच्या खालच्या दोन तारांमधले काही स्वर आपोआप फुगणार. कोपऱ्यात हा फुगवटा सर्वांत जास्त, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर ते स्वर जवळजवळ गायब. तेव्हा वाद्य कोपऱ्यात उभे करू नये आणि माईक खोलीच्या मध्यावर ठेवू नये. भिंतीपासून खोलीच्या साधारण एकतृतीयांश अंतरावर दोन्हीची जागा धरावी. जाजम, गाद्या, गोधड्या यांनी वरचे स्वर शोषले जातात, खालचे नाही. त्यासाठी कपड्यांनी ठासून भरलेले कपाट उघडे ठेवले तर थोडा उपयोग होतो. मग एका मित्राला वाजवायला बसवावे, एक कान बोटाने बंद करावा आणि दुसरा घोडीपुढे, फटीपुढे, दांडीच्या मुळाशी असा हळूहळू फिरवावा. जेथे सर्व स्वर सारख्या वजनाचे लागतील तेथे माईक.